त्रेचाळीस नंबरच्या प्लॉटविषयी

प्लॉट नं. ४२, अयोध्या नगर,
भोपाळ
१ ऑक्टोबर १९९६

श्री. मनोहरराव यांस गजाननाचा सप्रेम नमस्कार,

सुशीलावहिनींनाही आम्हा उभयतांचा नमस्कार सांगावा. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुम्हीही असाल असं लिहायची रीत आहे, पण तुमच्या चार पानी पत्रात तीन पानं गुडघा आणि एक पान लिफ्ट असल्यामुळे तसं लिहायला हात धजावत नाही. अशोकचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आठवड्यातून तीन दिवस चालू, आणि ते तीन दिवस नेमके तुमचा गुडघा धरलेला असतो ते. नागपुरात राहून नागपूर खिडकीतून बघतो, हे तुमचं वाक्य मी मंगलाला वाचून दाखवलं. तिने एरंडाचं पान कोमट करून बांधायला सांगितलं आहे. (चौथ्या मजल्यावर एरंड कुठून आणणार, असं मी विचारलं. आपल्या मागच्या अंगणात दोन झाडं आहेत, एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.) बाकी तुमची पचनशक्ती उत्तम आहे हे वाचून आनंद झाला.

आता कामाचं. तुम्ही लिहिलंत की या वयात घर बांधणं आता होणार नाही, तेव्हा माझ्या शेजारचा तुमचा त्रेचाळीस नंबरचा प्लॉट दसऱ्यापर्यंत विकून टाकावा आणि गिऱ्हाईक मी बघावं. शेजारी मीच राहत असल्याने शेजार कसा आहे हे मी चांगलं सांगू शकेन, असाही मुद्दा तुम्ही काढलात. मुद्दा बिनतोड आहे. कारखान्याच्या सोसायटीत आपण एकाच दिवशी, एकाच रांगेत उभे राहून बेचाळीस आणि त्रेचाळीस घेतले तेव्हा इथे कमरेएवढं गवत होतं. तुम्ही तुमच्या कोपऱ्यात कडुनिंबाचं काडीएवढं रोप लावलंत आणि मी हसलो होतो. ते रोप आता माझ्या गच्चीला सावली देतं. पण ते असो. तुम्ही रिटायर होईपर्यंतच्या क्वार्टरातल्या सव्वीस वर्षांत मी तुमचा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही (कॅरम सोडून), आताही देणार नाही. गिऱ्हाइकाच्या विषयावर शेवटी येतोच. मात्र शेजार सांगायचा तर आधी माझ्या घराची हकीकत तुम्हाला कळायला हवी, कारण गुडघ्यापायी तुम्ही वास्तुशांतीला आला नाहीत, आणि घराचं जरा चमत्कारिक झालं आहे.

घर बांधायचं म्हटल्यावर मी एकच अट घातली होती. हे घर कोणत्या साली बांधलं ते कोणाला सांगता येऊ नये. आपण ड्रॉइंग ऑफिसात बत्तीस वर्षं यंत्रांची चित्रं काढली, त्यात कधी दर दिवाळीला नवा शाफ्ट नव्या फॅशनचा काढला का? मग माणसानेच का दर दहा वर्षांनी घराकडे बघून लाजावं? म्हणून मी आधी अभ्यास केला. लूना काढून, वही घेऊन, सलग पाच रविवार शाहपुऱ्यात तलावाकाठून फिरलो. मनोहरराव, घोड्याचे दात बघून वय सांगतात तसं मी आता घराचं सांगतो. खिडकीच्या जाळीत उगवता सूर्य असेल तर बहात्तर-त्र्याहत्तर. काळ्या-पांढऱ्या खड्यांचं मोझाईक पायरीवर आलं की अठ्ठ्याहत्तर. व्हरांड्याला कमानी फुटल्या की शहाऐंशी, आणि निळी काच दिसली की परवाचंच. एका गृहस्थांच्या फाटकापाशी उभा राहून मी वहीत लिहीत होतो, तर ते बाहेर आले. मी म्हटलं, तुमचं घर अठ्ठ्याहत्तरचं ना. ते इतके खूश झाले की आत नेऊन चहा दिला. कसं ओळखलं ते मी सविस्तर समजावून सांगितलं, तेव्हा दुसऱ्या कपाचं विचारायचं त्यांनी बंद केलं.

मग जिन्नस कोणते वापरायचे हा प्रश्न आला. आमची प्रतिभा इंदूरहून मासिकं घेऊन आली होती. त्यात एक न्हाणीघर होतं, आपल्या क्वार्टराच्या बैठकीएवढं, गुलाबी, आणि मधोमध गुलाबी टब. मी तिला विचारलं, यात कपडे कुठे धुवायचे? ती म्हणाली, बाबा, तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. (लेक शहाणी आहे.) दुकानदारांचं ऐकायचं नाही, जिन्नसाने स्वतः बोलावं, या मताचा मी असल्याने सात प्रकारच्या फरश्यांचे नमुने आणून अंगणात ओळीने मांडले. पांढरा संगमरवर, हिरवा संगमरवर, कोटा, गंजबासोद्याची फरशी, मोझाईक, चकचकीत टाइल आणि लाल सिमेंटचा तुकडा. प्रत्येकावर मंगलाच्या कैरीच्या लोणच्याची एक फोड, एक चमचा हळदीचं तेल आणि थोडा चहा, असं चाळीस दिवस ठेवलं. रोज सकाळी नवी फोड आणि वहीत नोंद. मंगला हे बरणीतून फोडी कमी होईपर्यंत सहन करत होती, बरणी अर्धी झाल्यावर तिने वही लपवली. पण निकाल तोवर लागला होता. पांढरा संगमरवर तिसऱ्या दिवशीच कावीळ झाल्यासारखा पिवळा पडला, हिरव्यावर चहा कायमचा राहायला आला, चकचकीत टाइलवरून मी स्वतः घसरलो. कोट्याने मात्र लोणचं, तेल, चहा सगळं गिळून तोंडावर काही दिसू दिलं नाही. असा स्वभाव फरशीचाही असावा आणि माणसाचाही. कोटा ठरला. दारं सागवानाची ठरली. सागवानाला कसल्या परीक्षेची गरज नाही, क्वार्टराच्या दारावर तुमच्या अशोकने सायकल घालून घालून काय केलं नव्हतं, तरी दार शेवटपर्यंत पावसाळ्यातसुद्धा अडकलं नाही.

आणि हे वाक्य मनात आलं तिथेच माझी ट्यूब पेटली. मी पाच रविवार शाहपुऱ्यात शोधत होतो ते घर तर मी नुकतंच कंपनीला परत करून आलो होतो. सदुसष्ट साली आपण क्वार्टरात आलो. पंच्याण्णव साली मी किल्ली देऊन बाहेर पडलो. मधल्या काळात ते घर एकदाही जुनं दिसलं नाही, कारण नवं असतानाही ते नवं दिसत नव्हतं. ओटा कुठे, कोनाडा कुठे, दुपारचं ऊन कुठवर येतं, याचा विचार कोणीतरी भल्या माणसाने करून ठेवला होता आणि त्याने आपलं नावही कुठे लिहिलं नाही. मी मंगलाला म्हटलं, आपण क्वार्टरच बांधायचं. ती म्हणाली, अठ्ठावीस वर्षं क्वार्टरात राहून आपल्या पैशाने पुन्हा क्वार्टरच बांधायचं हे तुमच्याच डोक्यात येऊ शकतं. पण म्हणताना ती हसली, आणि ओटा दोन इंचांनी उंच करा, एवढंच पुढे बोलली.

माझ्या जागी आलेल्या तरुण जोडप्याने मला टेप घेऊन क्वार्टरात दोन दिवस फिरू दिलं. (मुलगी सालस आहे. तिने मला पोहे दिले आणि नवऱ्याला हळूच विचारलं की हे काका ठीक आहेत ना.) सगळी मापं घेऊन मी माझ्या जुन्या टेबलावर ट्रेसिंग पेपर लावून नकाशा काढला. रिटायर झाल्यावर इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. तिथेच घोटाळा झाला. ट्रेसिंगचा कागद पारदर्शक, रेषा दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. मी रेषा संपवल्या, अक्षरं मागाहून घालू म्हणून जेवायला उठलो. पंख्याच्या वाऱ्याने कागद उलटला असावा. भरपेट जेवून आलो आणि उलट्या बाजूवर सुंदर अक्षरात ‘स्वयंपाकघर’, ‘बैठक’, ‘न्हाणी’ लिहून टाकलं. ज्याने बत्तीस वर्षांत एक रेष चुकवली नाही, त्याने आपलं राहतं घर उलटं केलं. हे ऑफिसात कोणाला कळवू नये ही विनंती.

बांधायला मुन्ने मियाँ मिस्त्री मिळाले. जहांगीराबादचे, साठीचे, पान खाऊन कमी बोलणारे, हाताला गुण आहे. त्यांना नकाशा दिला तर ते पहिल्याच दाराशी अडले. मी सवयीने लिहिलं होतं, दार नऊशे मिलिमीटर, अधिक-उणे अर्धा. त्यांनी विचारलं, “साहब, ये प्लस-माइनस क्या बला है?” मी सांगितलं, दार अर्ध्या मिलिमीटरने कमी-जास्त झालं तर चालेल, त्यापेक्षा नाही. मुन्ने मियाँनी कानामागची पेन्सिल काढली, विटेवर एक रेघ मारली आणि शांतपणे म्हणाले, “मेरी तो लकीर ही तीन की है, खाँ.” त्यानंतर आमचं उत्तम जमलं. मी अधिक-उणे खोडून टाकलं, आणि त्यांनी ओळंबा लावल्याशिवाय एक थर चढवला नाही. तुम्हाला खरं सांगतो, दारं काढून मोजली तर एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला नाही. मी त्यांना तसं सांगितलं नाही, उगाच माणूस लाजायचा.

भिंती खिडकीच्या वर गेल्या तेव्हा मंगला पहिल्यांदा आत फिरायला आली. ओट्याच्या जागी उभी राहिली, डावीकडे हात केला, उजवीकडे हात केला, आणि म्हणाली, हे माझं स्वयंपाकघर नाही, हे सुशीलाचं आहे. मी हसलो. मग मीही तिथे उभा राहिलो आणि तिच्यासारखाच दोन्हीकडे हात करून बघितला. मनोहरराव, आपली क्वार्टरांची जोडी आठवा. मधे एक सामाईक भिंत, तिच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी, आणि दोन्ही घरं आरशातल्यासारखी एकमेकांची उलटी. माझं घर उलटं केलं की काय होतं? तुमचं होतं. मी भर उन्हात उभा राहून, स्वतःच्या पुंजीने, तुमचं घर बांधत होतो. मुन्ने मियाँना सांगितलं तर ते इतकं हसले की पान थुंकावं लागलं. पाडून पुन्हा बांधायचं का, असं मी मंगलाला विचारलं. तिने ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, राहू द्या, सुशीलाचा ओटा मला नेहमीच बरा वाटायचा.

तेव्हापासून आम्ही तुमच्याकडे राहतो आहोत. पहिले पंधरा दिवस मंगला फुलांची परडी घेऊन देवाकडे म्हणून निघायची आणि न्हाणीत पोहोचायची. मी दिव्याचं बटण डावीकडे चाचपतो आणि ते उजवीकडे असतं. तुमच्या बैठकीत तुम्ही बसायचात त्याच कोपऱ्यात आता माझी खुर्ची आली आहे, आणि तिथून फाटक दिसतं हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. आता कळलं, मी आलो की तुम्ही कॅरम आधीच मांडून कसे तयार असायचात.

बाहेरच्या रंगाचंही सांगतो. दुकानदाराने तीनशे छटांचं पुस्तक पुढे केलं. मी विचारलं, यातला विटल्यावर कोणता चांगला दिसतो? तो पुन्हा पहिल्या पानापासून छटा चाळू लागला. माझं ठरलेलं होतं. पिवळा आणि खाली गेरूचा पट्टा, अगदी कंपनीच्या क्वार्टरांसारखा. त्याचा परिणाम असा की मीटर वाचायला आलेला माणूस हे कुठल्या खात्याचं क्वार्टर म्हणून विचारून गेला. पुढच्या गल्लीतले लोक तर याला कंपनीचं इन्क्वायरी ऑफिस समजतात. टाऊनशिपमध्ये नळाची तक्रार लिहायला जायचो ना आपण, तसेच सकाळी नऊला फाटकाशी येऊन उभे राहतात, अमक्याचा नळ टपकतो, तमक्याचं गटार तुंबलं. पहिल्यांदा मी रागावलो. आता मंगलाने एक वही घातली आहे, ती तक्रार लिहून घेते आणि खाली तारीख टाकते. परवा एक बाई सांगायला आल्या की तक्रार लिहिल्यावर त्यांचा नळ दुसऱ्या दिवशी आपोआप बंद झाला. कंपनीच्या ऑफिसात असं कधी झालं नव्हतं.

तर घर असं आहे. थंड आहे, कोट्यावर दुपारी अंग टाकलं की उठवत नाही, सहाचा भोंगा इथवर ऐकू येतो आणि मी अजून त्यावर घड्याळ लावतो. सुखात आहोत. एकच गोष्ट जमलेली नाही, ती लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही. माझा बेत होता की क्वार्टरातली जी बिनखिडकीची सामाईक भिंत, ती इथे पाण्याच्या टाकीच्या बाजूला यावी आणि खिडक्या तुमच्या प्लॉटकडे, म्हणजे कडुनिंबाचा वारा मिळेल. नकाशा उलटल्याने खिडक्या टाकीकडे गेल्या, आणि ती कोरी भिंत बरोबर तुमच्या हद्दीवर उभी राहिली. (सोसायटीत जोडघरांना हद्दीवर भिंत चालते, त्यामुळे कायद्याने काही अडलं नाही.) तुम्हाला आठवतं ना, सुशीलावहिनी चार वाजता त्या भिंतीवर बत्ता दोनदा वाजवायच्या, म्हणजे चहा झाला, या. तीनदा वाजला की आमच्या कुकरच्या शिट्ट्या चार होऊन गेल्या, मंगलाचं लक्ष नाही. आणि एकदाच, जोरात वाजला की तुम्ही कॅरममध्ये हरून घरी गेलेले असायचात. आता चार वाजले की मंगला चहा टाकते आणि भिंतीकडे बघते. मीही बघतो. भिंत नऊ इंची आहे, ओळंब्यात आहे, एक रेष इकडची तिकडे नाही, आणि तिच्यावर वाजवायला पलीकडे कोणी नाही. मला तुमची फार आठवण येते, मनोहरराव. हे तोंडावर कधी बोलता आलं नसतं, म्हणून कागदावर लिहिलं.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला जपा. जिन्यावर कठडा धरून चाला. वहिनींना पुन्हा नमस्कार, अशोकला आशीर्वाद.

तुमचा जुना (आणि आता तुमच्याच घरात राहणारा) शेजारी,
गजानन पांढरीपांडे

ता. क. : गिऱ्हाइकाचं राहिलंच. दोघं येऊन गेले. पहिले एक ठेकेदार होते, त्यांना तिथे तीन मजले आणि पुढे निळी काच लावायची होती. मी त्यांना शाहपुऱ्याची वही दाखवली. दुसऱ्यांदा आले नाहीत. दुसरे मिसरोदला राहणारे बँकेतले गृहस्थ आहेत. त्यांच्यात खोट काढायचा मी तासभर प्रयत्न केला, पण माणूस सज्जन निघाला. त्यांच्या पत्नीला कडुनिंब आवडला, तोडणार नाही म्हणाल्या. दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहेत. तुमचं काम मी चोख केलं आहे, त्यांचं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. तुम्ही होकार कळवलात की मी बोलणी करीन. फक्त सध्या पितृपंधरवडा चालू आहे, तो संपेपर्यंत असल्या गोष्टींत घाई करू नये असं मला वाटतं. (मी हे असलं काही मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही मानता.)

ता. क. २ : सोबत तो ट्रेसिंग पेपरही पाठवतो आहे, माझ्याकडे उगाच धूळ खात होता. बघताना अक्षरं उलटी दिसतील अशी बाजू वर ठेवा. त्या बाजूने तो माझं जुनं घर आहे, आणि त्रेचाळीस नंबरात अगदी नेमका बसतो. पायऱ्या फक्त दोन आहेत, मजला एकच. मुन्ने मियाँ दिवाळीनंतर मोकळे आहेत. घराला चार भिंती लागतात, त्यातली एक उभी आहे.

सुशीलाताईंना मंगलाचा नमस्कार. पत्र डाकेत टाकायला माझ्याकडे दिलं आहे म्हणून दोन ओळी लिहिते. वाऱ्याने कागद उलटला वगैरे यांनी लिहिलंय ते मनावर घेऊ नका. यांच्या टेबलावर कागदाला चारी कोपऱ्यांत टाचण्या असतात, तो वादळातसुद्धा उलटत नाही. आणि तुमच्या बाजूला त्या भिंतीच्या दोन्ही टोकांना एकाआड एक वीट बाहेर ठेवलेली आहे, पुढेमागे दुसरी भिंत जोडायची असली की ठेवतात तशी. मी मुन्ने मियाँना विचारलं, तर पाया भरायच्या दिवशीच साहेबांनी सांगून ठेवलं होतं म्हणाले. चुकून झालेल्या भिंतीला कोणी विटा बाहेर सोडतं का? बँकवाल्यांच्या पत्त्याची चिठ्ठी मी पाकिटातून काढून घेतली आहे. ओट्याच्या उजवीकडच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवली आहे. कपाट तुमच्या सवयीचं आहे, हवी तर येऊन घ्या.